दौलताबादची यादवी

यादवी हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, तो उच्चारतांना प्रभासक्षेत्रींचा संहार सहसा कोणास आठवत नाहीं. मौसलपर्वांत यादव एरका नांवाच्या गवताची मुसळें करून एकमेकांस मारून मेले, त्यावरून आपसांतील युद्धास हें नांव पडलें. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत होतों तेव्हां ही व्युत्पत्ति मुलांस अनेकदां सांगितली. देवगिरि ही यादवांची राजधानी. सिंदखेडचे जाधवराव आपलें कुळ त्याच यादवांपर्यंत नेतात. आणि त्या जाधवांचा घात त्याच देवगिरीवर, म्हणजे दौलताबादेस, झाला. ह्या तीन गोष्टी एका ओळींत मांडून पाहाव्या, हें मात्र आम्हांस सेवेंतून निवृत्त झाल्यावर गडावर गेलों तेव्हां प्रथम सुचलें.

गडावर वाट दाखविणारी मंडळी खंदक, अंधारी आणि तोफा दाखवून झाल्यावर एक ठरावीक वाक्य ऐकवितात: हा किल्ला लढून गेला नाहीं, फितुरीनें गेला. १६३३ सालच्या फितुरीचें माप मलिकंबराचा मुलगा फत्तेखान ह्याच्या पदरांत घालून शालेय पुस्तकेंहि मोकळीं होतात. आम्हीहि वर्गांत तसेंच सांगत आलों. तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. फत्तेखान हा ह्या कलहाचा शेवट होय. निजामशाही ज्या दिवशीं सांवरण्यापलीकडे गेली तो दिवस त्याच्या जवळजवळ चार वर्षें आधींचा आहे: श्रावण शुद्ध पौर्णिमा, शके १५५१, म्हणजे २५ जुलै १६२९.

मोंगल एका बाजूस आणि दक्षिणी दुसऱ्या बाजूस, असा हा लढा सरळ कधींच नव्हता. १६०० सालीं अहमदनगरचा किल्ला पडला तो चांदबिबीस तिच्याच लोकांनीं मारल्यावर. मलिकंबरानें राज्य पुन्हां उभें केलें, त्यालाहि आधीं राजू दखनी ह्या निजामशाही सरदाराशींच झगडावें लागलें. १६१६ त रोषणगांवीं त्याचा मोड होऊन खडकी उद्ध्वस्त झाली, तेव्हां लखुजी जाधवराव, आदमखान व याकुतखान हबशी हे कालपर्यंतचे निजामशाही सरदार मोंगलांच्या फौजेंत होते.

जाधव-भोसल्यांच्या वैराची हकीकत कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत आहे. निजामशाहाचा दरबार उठून सरदार बाहेर पडत असतां खंडागळ्यांचा हत्ती बेफाम झाला. लखुजींचा मुलगा दत्ताजी त्या हत्तीवर तुटून पडला. विठोजी भोसल्यांचे मुलगे संभाजी व खेळोजी हे खंडागळ्यांच्या साह्यास धांवले. बघतां बघतां हत्ती बाजूस राहिला आणि माणसें एकमेकांवर उठलीं. दत्ताजी संभाजीच्या हातून पडला; मुलाचें वर्तमान कळतांच लखुजी माघारा फिरला; त्यानें शहाजीराजांस जखमी करून मूर्च्छित पाडलें व संभाजीस ठार केलें. शहाजीराजे हे लखुजींचे जांवई. परमानंद हा शिवछत्रपतींच्या आश्रयाचा कवि. नायकाचे पितृकुल व मातृकुल एकमेकांच्या रक्तानें माखलेलें दाखविणें त्यास सोईचें नव्हतें. तरीहि तो तें दाखवितो, म्हणून आम्ही त्याच्या ह्या कथनास अधिक मान देतों.

पुढें १६२४ सालीं भातवडीस मलिकंबरानें तलावाचें पाणी शत्रूच्या छावणीवर सोडून मोंगल व विजापूरकर ह्यांच्या जोडफौजेचा धुव्वा उडविला. विजापूरचा सेनापति मुल्ला महंमद लारी मारला गेला. ह्या विजयाचें वर्णन सर्वत्र आहे. पण निजामशाहाच्या बाजूनें शहाजीराजे व त्यांचे बंधु शरीफजी लढत होते, शरीफजी तेथेंच पडले, आणि समोरच्या मोंगल फौजेंत लखुजी जाधवराव होते. जांवई इकडे, सासरा तिकडे. ह्यास यादवी म्हणावयाचें नाहीं तर दुसरें काय म्हणावें?

१४ मे १६२६ रोजीं मलिकंबर वारला. परस्परद्वेष्ट्या सरदारांस एका दोरींत ठेवणारा तो एकच पुरुष होता. बुऱ्हाण निजामशाहानें (कांहीं ग्रंथकार ह्यासच मुर्तजा म्हणतात) फत्तेखानास कैद केलें आणि कारभार हमीदखान नांवाच्या हबशाच्या हातीं दिला. त्याच सुमारास लखुजी जाधवराव मोंगलांस सोडून परत आले होते. मोंगलांकडे त्यांस व त्यांच्या कुटुंबियांस मिळून चोवीस हजार जात व पंधरा हजार स्वार एवढी मनसब होती; तें वैभव टाकून आलेल्या मनुष्याविषयीं शाहास संशय वाटावा हें अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. जाधवरावांची पूर्वीची चाल पाहतां आम्ही त्यांची वकिली करूं इच्छीत नाहीं. पण संशयिताची जहागीर काढतां येते, त्यास दूर ठेवतां येतें. शाहानें त्यांस भेटीस दौलताबादेस बोलावून दरबारांत मारविलें. त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेहि त्याच दिवशीं मारले गेले. बंधु जगदेवराव सिंदखेडास निसटले.

ह्या तिथीपुढें दुसरी एक तिथि ठेवून पाहावी. शिवछत्रपतींचा जन्म शिवनेरीस फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ रोजीं झाला. म्हणजे वडील व भाऊ मारले गेले तेव्हां जिजाबाईसाहेब गरोदर होत्या. दोन्ही तिथींत पुरतीं सात महिन्यांचेंहि अंतर नाहीं. शकावल्यांत ह्या नोंदी एकाच वर्षाखालीं आहेत. आम्हीहि त्या पुष्कळ वर्षें वेगवेगळ्याच वाचल्या.

परिणाम लागलीच दिसूं लागले. जगदेवरावांनीं मोंगलांचा आश्रय केला. ज्या सासऱ्यांनीं आपणांस जखमी केलें होतें त्यांच्याच घातानें शहाजीराजे शाहास सोडून गेले. १६३० अखेर त्यांनीं मोंगलांची पंचहजारी मनसब घेतली. शहाजहान त्या वेळीं जातीनें बऱ्हाणपुरीं होता आणि दक्षिणेंत महादुष्काळ पडला होता. शाहाच्या दरबारीं माणूस उरलें नाहीं, तेव्हां त्यानें तुरुंगांतून फत्तेखानास काढलें. फत्तेखानानें शाहालाच वेडा ठरवून कोंडलें, मग मारलें, व हुसेन नांवाचें पोर गादीवर बसविलें. शहाजीराजांस दिलेले परगणे बादशहानें फत्तेखानास दिले, म्हणून राजे मोंगलांस सोडून विजापूरकरांस मिळाले.

मार्च १६३३ त महाबतखानानें वेढा घातला. आंत फत्तेखान, बाहेर त्यास धान्य पोंचविण्यासाठीं विजापूरचे रणदुल्लाखान, मुरारपंत व शहाजीराजे. ज्या महाबतखानास फत्तेखानानेंच साह्यास बोलाविलें होतें, त्याच्याशींच आतां विजापूरकरांच्या पैशाच्या भरंवशावर तो लढूं लागला! मोंगलांच्या छावणींतून म्हातारा याकुतखान किल्ल्यांत धान्य चोरून पाठवी. तें उघडकीस येतांच तो पळाला व पुढें लढाईंत पडला. शहाजीराजांचे चुलतबंधु खेळोजीहि मोंगलांस सोडून विजापूरकरांकडे गेले. सत्तर मण दारूच्या सुरुंगानें अंबरकोटाची अठ्ठावीस गज भिंत उडाली, असें बादशाहनामाकार सांगतो. नंतर महाकोट गेला. मेलेल्या जनावरांचीं कातडीं खाण्याची पाळी आंतल्यांवर आली, तेव्हां फत्तेखानानें बोलणें लावलें. सामान हलविण्यास हत्ती-उंट आणि साडेदहा लाख रुपये रोख घेऊन १७ जूनच्या सुमारास किल्ला दिला. दुष्काळाच्या झळींतून नुकत्याच निघालेल्या मुलखांत अन्नावांचून कोंडलेला किल्ला आणखी किती दिवस टिकता, हें त्यास फितूर म्हणण्यापूर्वीं विचारावयास हवें होतें. शहाजीराजे व जाधव एका फौजेंत असते, तर महाबतखानाची रसद खानदेशांतून इतकी सुखानें येती ना.

हुसेनशाहास ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पाठविलें. फत्तेखानास नेमणूक मिळाली. शहाजीराजांनीं पेमगिरीस मुर्तजा नांवाचें दुसरें एक मूल गादीवर बसवून तीन वर्षें राज्याचें नांव राखिलें. १६३६ त माहुलीस मोंगल व विजापूरकर ह्यांच्या फौजांनीं त्यांस कोंडलें व तो मुलगा त्यांच्या हातून घेतला.

लखुजी जाधवरावांची समाधि सिंदखेडास आहे, मोठी घुमटाची. गडावर त्यांच्या नांवाची खूण आम्हीं पुष्कळ शोधली. ती आम्हांस सांपडली नाहीं.