कांचळीवरचा चारमिनार

स्मरणिकेसाठी ‘शाळेच्या आठवणी’ लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. माझी आठवण शाळेच्या फाटकापासूनच सुरू होते, पण पुढे ती जरा मागच्या काळात जाते. सांभाळून घ्यावे.

आम्ही तांड्यावरची चार-पाच पोरं टेकडी उतरून गोरेगावला शाळेत यायचो. सह्याद्री पाहिलेला माणूस आपल्या या टेकड्यांना डोंगर म्हणणार नाही. पण ओढ्याला पूर आला की शाळा बुडायची, म्हणून आम्हाला तो डोंगरच. आठवीत असताना मी डबा विसरलो आणि आई तो घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली. अंगात फेटिया, कांचळी, डोक्यावर आरशांची ओढणी, हातात कोपरापर्यंत बलिया. वर्गातल्या एकाने विचारले, “कोण रे ती?” मी म्हणालो, “शेजारची आहे.” विचारणारा मेळाव्याला येणार आहे. त्याला बहुधा आठवतही नसेल.

त्या कांचळीवर नाणी शिवलेली होती. लहानपणी मला ती फक्त वाजणारी नाणी वाटायची. दोन वर्षांपूर्वी आईने ट्रंक उघडली, तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. काहींवर चारमिनार आणि उर्दू अक्षरे, काहींवर पंचम जॉर्ज. चारमिनारचा निजामाचा रुपया म्हणजे हाली, जॉर्जचा तो कलदार. एका हालीवर हिजरी १३३७ आहे, म्हणजे इसवी १९१८-१९. ही कांचळी आईला तिच्या सासूकडून आली, सासूला तिच्या आईकडून.

दोन्ही सरकारांची नाणी एका चोळीवर कशी आली, हे कळायला नकाशा आठवावा लागतो. आपला भाग निजामाच्या मुलखात, लोकांच्या भाषेत मोगलाईत. पलीकडे वाशीम, रिसोड म्हणजे वऱ्हाड, तिथे १८५३ पासून इंग्रजांचा कारभार. मध्ये करोडगिरीचे नाके. आमचे सोयरे दोन्हीकडे आणि पोहरादेवीही पलीकडेच. दादा (आमच्यात आजोबांना दादाच म्हणतात) सांगायचे की लग्नाला जायचे तरी नाक्यावरून जावे लागे, आणि बैलावर काय लादले आहे ते दाखवावे लागे.

त्याआधी आमचे पूर्वज लादलेले बैल घेऊनच जगत. मीठ आणि धान्य वाहणारे लमाण. मोगल फौजांना त्यांनी रसद पुरवली, १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत वेल्स्लीच्या सैन्यालाही. फौज कोणाचीही असो, तिला धान्य लागतेच. १८६७ मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरपर्यंत पोचली आणि हळूहळू हा धंदा बसला. शेकडो बैलांचे काम एक मालगाडी करू लागली. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो पुढे वाढत गेला आणि ठिकठिकाणच्या लमाणांची नावे त्यात आली. ज्यांच्या भरवशावर फौजा चालल्या, ते फिरतात म्हणून संशयित! दादा हा भाग सांगताना आवाज चढवत नसत, नुसती चिलीम झटकत. मग तांडे माळावर, टेकडीच्या कुशीत स्थिरावले. गुरे, लाकूडफाटा, दुसऱ्याच्या शेतातली मजुरी.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तीन राज्यांत गेलेला एकच समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो. चुलत्याची मुलगी सीमेपलीकडे दिली की तिच्या मुलांचा प्रवर्ग बदलतो.

हे सगळे मला शोधावे लागले ते धाकट्या मुलीच्या प्रवेशामुळे. जात पडताळणीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. ढाडी येऊन आमच्या सात पिढ्यांची नावे न अडखळता म्हणून दाखवतो, पण त्याचा कागद होत नाही. कांचळीचाही होत नाही. जमीन तेव्हा नव्हती, वडील शाळेत गेले नव्हते. फाईल त्रुटी काढून दोनदा परत आली आणि प्रवेशाची मुदत जवळ येत चालली.

आपल्याच बॅचचा एकजण आता प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. त्याने दोन रविवार कपाटातली धूळ खाल्ली आणि प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये एक ओळ शोधून काढली. माझे थोरले काका. दाखल जून १९५७, जात लमाण, जन्मतारीख १ जून १९५०. (आपल्या बॅचमध्येही निम्म्यांचा वाढदिवस १ जूनलाच होता. गुरुजींची कृपा.) दुसरी इयत्ता. शाळा सोडल्याचे कारण : सतत गैरहजर.

काका गैरहजर होते कारण गुरे राखायला दुसरे कोणी नव्हते. १९६३ मध्ये गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. दूर कुठल्या तरी तांड्यातला आपला माणूस राज्य चालवत होता, तेव्हा आमच्या तांड्यावर आलेले पत्र वाचायला हे दुसरी नापास काकाच होते. दुसरीपर्यंतची ती ओळख त्यांना आयुष्यभर पुरली, आणि आता पुतण्याच्या मुलीलाही पुरली. प्रमाणपत्र मुदतीच्या चार दिवस आधी मिळाले.

उताऱ्याची झेरॉक्स घेऊन मी तांड्यावर गेलो. काकांना आता नीट दिसत नाही. त्यांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. आई बाजूला बसून ऐकत होती. ‘सतत गैरहजर’ला काका हसले. मग म्हणाले, “खाली सही कोणत्या गुरुजींची आहे?”

मी कागद उजेडात धरला. सही मोडी वळणाची होती, मला लागली नाही. मेळाव्याला येणाऱ्या जुन्या गुरुजींपैकी कोणाला ती वाचता आली तर पाहावे, म्हणून झेरॉक्स सोबत आणतो आहे. कांचळीही आणतो आहे. आईने ती स्वतः पिशवीत घालून दिली आणि विचारले, “शेजारणीची म्हणून सांगशील का?”

तिला तेव्हाच ऐकू गेले होते.