काचेच्या भिंगातून निघालेला तरंग

यांत्रिक मेटामटेरियलमधल्या, म्हणजे रचनेतून गुणधर्म मिळवणाऱ्या पदार्थांमधल्या, अरेषीय तरंगांचे मूळ सहसा स्कॉटलंडमधल्या एका कालव्यात दाखवले जाते. १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल यांनी एडिनबरोजवळच्या युनियन कालव्यात आकार न मोडता धावणारा पाण्याचा एकटा उंचवटा पाहिला आणि घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. १८९५ मध्ये कोर्टवेग आणि द व्रीस यांनी त्याचे समीकरण मांडले; १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी अशा तरंगाचे सॉलिटॉन असे नामकरण केले. ही वंशावळ खरी आहे. अशाच एका रचनेतल्या, एकमेकांना टेकलेल्या पोलादी गोळ्यांच्या माळेतल्या तरंगाचे कूळ मात्र तिच्यात बसत नाही. ते प्रकाशशास्त्रात सापडते.

बर्लिनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तेवीस वर्षांच्या हाइनरिश हर्ट्झ यांना एक शंका आली: दोन भिंगे एकमेकांवर दाबून न्यूटनची वलये (प्रकाशाच्या व्यतिकरणाने उमटणारी वलये) पाहताना दाबामुळे काचच चेपत असेल तर? १८८१ मध्ये त्यांनी उत्तर मांडले. दाब वाढला की स्पर्शाचे वर्तुळ रुंदावते, म्हणून बल हे चेपण्याच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. नुसत्या टेकलेल्या गोळ्यांचा ताठरपणा त्यामुळे शून्यापासून सुरू होतो.

या शून्याचा अर्थ व्हितालि नेस्तेरेन्को यांनी १९८३ मध्ये उलगडला. न दाबलेल्या माळेत साधा ध्वनी चालतच नाही. त्यांनी तिला ध्वनिनिर्वात म्हटले. ठोका दिला की सुमारे पाच गोळ्यांच्या रुंदीचा एकच स्पंद धावतो आणि त्याचा वेग बलाच्या एकषष्ठांश घाताने वाढतो. कोर्टवेग–द व्रीस समीकरणाला आधी रेषीय ध्वनी आणि त्यावर किंचित अरेषीयता लागते. इथे तो आधारच नाही. म्हणून कालव्याचा दावा इथे टिकत नाही.

कालव्याच्या पक्षाकडेही एक बळकट मुद्दा आहे. माळ आधीच घट्ट दाबून ठेवली आणि ठोका हलका दिला, तर तेच जुने समीकरण परत मिळते. किती दाबायचे हे हातात असल्यामुळे ध्वनीचा वेगही ठरवता येतो. स्पाडोनी आणि दाराइओ यांनी २०१० मध्ये समांतर माळा वेगवेगळ्या दाबून ध्वनी एका बिंदूवर एकवटवला.

हर्ट्झ यांच्या कुळालाही मर्यादा आहे. २०१७ मध्ये बेर्टोल्डी आणि सहकाऱ्यांनी पातळ सांध्यांनी जोडलेल्या मऊ चौकोनांच्या जाळीत सरकणे आणि फिरणे एकत्र वाहून नेणारे सॉलिटॉन दाखवले. तिथे गोळ्यांचा स्पर्श नाही आणि हर्ट्झ यांच्या नियमालाही काम नाही. त्यांचा वारसा गोळ्यांच्या माळेपुरताच आहे.