थेंबाथेंबाचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजारी माणसाला कोणते औषध द्यायचे, एवढेच आपण डॉक्टरांना विचारतो. ते किती वेळात द्यायचे, हा प्रश्न आपल्याला सुचतही नाही. प्रतिजैविकांच्या इतिहासात मात्र हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा आहे.

तो दिवस १२ फेब्रुवारी १९४१चा. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर हा ४३ वर्षांचा पोलीस मरणाच्या दारात होता. जंतुसंसर्गाने त्याचा एक डोळा आधीच गेला होता. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी मोठ्या कष्टाने तयार केलेले पेनिसिलिन त्याच्या शिरेतून दिले गेले. आधी २०० मिलिग्रॅम, मग दर तीन तासांनी थोडे थोडे. दिवसभरात ताप उतरला. पण पेनिसिलिन शरीरात टिकत नव्हते. मूत्रपिंडे ते भराभर बाहेर टाकत. मग त्याची लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, त्यातले औषध काढायचे आणि पुन्हा त्यालाच द्यायचे, असा खटाटोप चालला. पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडले होते, पुरले मात्र नाही.

यातून दोन वाटा निघाल्या. औषध अधिक बनवायचे ही एक. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती याच वाटेवर. दुसरी वाट, आहे ते औषध शरीरात टिकवायचे. अमेरिकेत हॅरी ईगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली दाखवून दिले, की पेनिसिलिनचा एकदम मोठा लोंढा कामाचा नाही. पुरेशी पातळी किती वेळ राहते याला महत्त्व. कारण सरळ आहे. वाढणारा जंतू आपल्याभोवती भिंत बांधत असतो आणि पेनिसिलिन ते बांधकाम बिघडवते. पहारा उठला की गवंडी पुन्हा कामाला लागतो.

पुढे औषध मुबलक झाले आणि हा धडा मागे पडला. सहा किंवा आठ तासांनी, अर्ध्या तासात बाटली संपवायची, हा रुग्णालयांचा शिरस्ता झाला. साध्या आजारात त्याने भागतेही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे तसे नसते. कधी त्याची मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जोरात चालतात, अंगात पाणी साचते, जंतूही चिवट असतात. दोन डोसांच्या मध्ये औषधाची पातळी घसरते.

म्हणून पेनिसिलिनच्या कुळातली पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम ही औषधे चोवीस तास संथपणे देऊन पाहिली गेली. सात देशांतल्या सात हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘ब्लिंग-३’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. नव्वद दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण अर्ध्या तासाच्या पद्धतीत २६.८ टक्के, तर संथ पद्धतीत २४.९ टक्के होते. संख्याशास्त्राच्या काट्यावर एवढा फरक एकट्याने निर्विवाद ठरला नाही. २०२३ सालच्या मेरोपेनेमच्या एका चाचणीत तर फायदा दिसलाच नव्हता. पण १८ चाचण्यांतले नऊ हजारांवर रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा पारडे संथ पद्धतीकडे झुकले. शंभरात दोन म्हणजे थोडे वाटतात. पण ती दोन माणसे कुणाच्या तरी घरची असतात.

मात्र यात पथ्ये आहेत. पहिला भरपूर डोस लगेच द्यावाच लागतो. मेरोपेनेम बाटलीत फार तास टिकत नाही, ते बदलावे लागते. जेंटामायसिन, अमिकॅसिनसारख्या औषधांचा न्याय उलटा; ती दिवसातून एकदा, मोठ्या मात्रेत देणे बरे. तेव्हा नातेवाइकांनी सलाईनच्या चाकाला हात लावू नये.

‘ब्लिंग-३’च्या सात देशांत भारत नव्हता. चिवट जंतूंचा ताप आपल्याकडे मोठा आणि थेंब मोजून सोडणारे पंप मात्र सगळीकडे नाहीत. नवी प्रतिजैविके फारशी येत नसताना, हाती असलेली नीट वापरणे हाच शहाणपणा. तो हिशेब आपल्या रुग्णालयांतही मांडला गेला पाहिजे.