प्लग बसला, पण भाषा जुळली का? कीबोर्डच्या तीन पिढ्यांची गोष्ट

आज टेबलावर मी एक वस्तू ठेवली आहे. मागच्या रांगेतून दिसत नसेल, पण आवाज ऐकू येईल. (कळा दाबल्याचा आवाज) हा आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या जमान्यातला कीबोर्ड. ८३ कळांचा. हातात घेतलात तर वजन जाणवेल.

काही वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या बाजारात तो मला मिळाला. मागे जाड गुंडाळीची वायर आणि तिच्या टोकाला पाच पिनांचा गोल प्लग. एका दुकानातून अ‍ॅडाप्टर आणला, त्यावर दुसरा अ‍ॅडाप्टर चढवला आणि संगणकाला जोडला. सगळं अगदी घट्ट बसलं, पण एकही अक्षर उमटेना. दुकानदार म्हणाले, "सर, गेलाय हा. भंगारात द्या." मीही जवळजवळ देणारच होतो. कीबोर्ड मात्र ठणठणीत होता! चूक कुठे होती, ते समजून घ्यायचं तर चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण 'के' ची कळ दाबली की कीबोर्ड 'के' हे अक्षर पाठवतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो फक्त एक आकडा पाठवतो: अमुक जागेवरची कळ दाबली गेली. त्या आकड्याचं अक्षर करायचं काम संगणकाचं. म्हणून तर त्याच कळेवर इनस्क्रिप्ट मांडणीत 'क' उमटतो. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं, की साध्या इंग्रजी कीबोर्डवरून देवनागरी लिहिता यायची, त्याचंही मूळ हेच. कळेला भाषा नसते. तिला जागा असते आणि त्या जागेला क्रमांक असतो.

पण हा क्रमांक ठरवणार कोण? खरी गंमत इथेच आहे.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याच्या कीबोर्डमध्ये इंटेलची ८०४८ ही छोटी चिप होती. म्हणजे कीबोर्ड हाही एक लहानसा संगणकच, बरं का. तो कळांवर लक्ष ठेवायचा आणि 'के' दाबली की ३७ हा आकडा पाठवायचा. कळ सोडली की त्यात १२८ मिळवून १६५. संवाद एकतर्फी होता: कीबोर्डने बोलायचं, संगणकाने ऐकायचं. याला पुढे 'एक्सटी' पद्धत म्हणू लागले.

१९८४ साली पीसी-एटी आला. आता संगणकालाही कीबोर्डशी बोलायचं होतं, उदाहरणार्थ कॅप्स लॉकचा दिवा लावायला सांगायचं होतं. म्हणून संवाद दुतर्फी झाला आणि आकडेही बदलले. 'के' आता ६६. कळ सोडली की आधी २४० आणि मग ६६. प्लग मात्र तोच ठेवला, पाच पिनांचा गोल! म्हणजे दोन्ही कीबोर्ड दोन्ही यंत्रांत बसणार, पण एकमेकांचं बोलणं कळणार नाही. म्हणूनच त्या काळातले इतर कंपन्यांचे बरेच कीबोर्ड उलटे केलेत, तर खाली एक बारीक स्विच दिसेल: एका बाजूला एक्सटी, दुसऱ्या बाजूला एटी.

आता बघा, जुने प्रोग्राम तर जुन्याच आकड्यांची वाट पाहत बसलेले. मग आयबीएमने काय केलं? एटीच्या मुख्य बोर्डावर ८०४२ नावाची चिप बसवली. ती बाकीच्या कामांबरोबर ६६ चं पुन्हा ३७ करायची. म्हणजे कीबोर्डचा दुभाषा १९८४ सालीच संगणकाच्या पोटात बसलेला होता. आजचे छंदिष्ट लोक काही नवं करत नाहीत. तेच काम ते वायरीच्या मधोमध करतात.

१९८७ ला पीएस/२ यंत्रं आली. या वेळी उलटं झालं. प्लग लहान, सहा पिनांचा झाला, पण भाषा एटीचीच राहिली. नंतरच्या संगणकांवर जांभळ्या रंगाचं गोल भोक असायचं ना, तेच हे. त्यामुळे एटीचा कीबोर्ड पीएस/२ ला जोडायला नुसता प्लगचा आकार बदलणारा तुकडा पुरतो. आत चिप नाही, फक्त तारा इकडच्या तिकडे.

आणि १९९६ ला यूएसबी. इथे प्लगही बदलला आणि भाषाही. 'के' आता १४. शिवाय बोलण्याची रीतच वेगळी. पीएस/२ मध्ये कळ दाबली की कीबोर्ड आपणहून बोलतो. यूएसबीत संगणक ठरावीक वेळाने विचारतो, "काही आहे का?" आणि मग कीबोर्ड उत्तर देतो.

मग बाजारात मिळणारा तो छोटा, चिप नसलेला तुकडा, एका बाजूला पीएस/२ आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी, तो कसा चालतो? संक्रमणाच्या काळात काही कीबोर्ड द्विभाषिक बनवले गेले. त्यांच्या चिपलाच दोन्ही भाषा येतात. तो तुकडा फक्त अशांसाठी. माझ्या एक्सटी कीबोर्डला त्याचा काय उपयोग? एखाद्याचा पोशाख बदलला म्हणून त्याला नवी भाषा येत नाही.

याला उपाय म्हणजे चिप असलेला, खरा दुभाषा. आज यूएसबी अंगभूत असलेली मायक्रोकंट्रोलरची छोटी बोर्डं सहज मिळतात आणि त्यांवर चालणारे प्रोग्राम हौशी लोकांनी लिहून खुले ठेवले आहेत. जोडायच्या तारा चारच: ५ व्होल्ट, अर्थ, क्लॉक आणि डेटा. नशीब असं, की १९८१ पासून यूएसबीपर्यंत ते ५ व्होल्ट तेच राहिले. एक सांभाळा: जुने कीबोर्ड नव्यांपेक्षा जास्त वीज ओढतात, त्यामुळे स्वस्त कन्व्हर्टर किंवा हब कधीकधी दम टाकतो. आणि गोल प्लग काढताना-लावताना संगणक बंद ठेवा. चालू यंत्रावर तसं करण्यासाठी ते बनवलेले नाहीत.

माझा कीबोर्ड असाच बोलता झाला. आजच्या व्याख्यानाची टिपणं त्याच्यावरच लिहिली आहेत.

पण हे शक्य का झालं? आयबीएमने आपल्या पीसीचं तांत्रिक पुस्तक छापून विकलं होतं. त्यात सर्किटची चित्रं होती, कळांचे आकडे होते. भाषा कागदावर होती, म्हणून इतक्या वर्षांनीही दुभाषा तयार करता आला.

आता दुसरी बाजू. युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टांत टाइप केला. प्रत्येकाचे आकडे वेगळे. एकाचा 'क' दुसऱ्यात भलतंच चिन्ह. ज्या फॉन्टचा तक्ता मिळतो, त्यातला मजकूर आज रूपांतरित करता येतो. ज्याचा तक्ता हरवला, त्याची फाइल उघडते, पण वाचता येत नाही. प्लग बसतो, अक्षर उमटत नाही!

तेव्हा घरी जुना कीबोर्ड असेल, तर भंगारात देण्याआधी उलटा करून पाहा. स्विच आहे का, प्लग कोणता, सालाची चिठ्ठी आहे का. आणि जुन्या फ्लॉपीत, सीडीत मराठी मजकूर असेल, तर तो कोणत्या फॉन्टात आहे, ते नाव आजच एका कागदावर लिहून त्याच पाकिटात ठेवा. पुढे कुणाला दुभाषा तयार करायचा झाला, तर सुरुवात त्या कागदापासूनच होईल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि ज्यांना या कळा दाबून पाहायच्या आहेत, त्यांनी पुढे या.