आजऱ्याचा घनसाळ आणि टस्कनीची वाइन : गावाचे नाव कोणाच्या मालकीचे?

१/ कोल्हापूरकडून सावंतवाडीकडे जाताना आंबोली घाटाच्या अलीकडे आजरा लागते. हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील या तालुक्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनामागील कल्पना मात्र इटलीतील एका राजाज्ञेइतकी जुनी आहे.

२/ साल १७१६. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल्दार्नो दी सोप्रा या चार वाइन-प्रदेशांच्या सीमा फर्मानाने आखून दिल्या. सीमेबाहेरच्या वाइनला ही नावे लावण्यास मनाई झाली. कारण व्यापारी होते : परदेशात नाव गाजले की नकली मालही त्याच नावाने विकला जातो.

३/ पण सीमा आखली म्हणजे ती टिकतेच असे नाही. १९३२ मध्ये इटलीच्या सरकारनेच कियांतीचे क्षेत्र आजूबाजूच्या टेकड्यांपर्यंत विस्तारले. मूळ प्रदेशातील उत्पादकांना आपली वेगळी ओळख राखण्यासाठी ‘क्लासिको’ हे विशेषण जोडावे लागले.

४/ भारताला हा प्रश्न तांदळामुळे जाणवला. १९९७ मध्ये अमेरिकेतील राइसटेक कंपनीला बासमतीसंबंधी पेटंट मिळाले आणि देशात खळबळ उडाली. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानुसार, जे नाव मायदेशातच संरक्षित नाही त्याला संरक्षण देण्याचे बंधन इतर देशांवर नव्हते. १९९९ मध्ये संसदेने भौगोलिक मानांकनाचा कायदा केला. तो २००३ मध्ये अमलात आला आणि पहिले मानांकन दार्जिलिंग चहाला मिळाले.

५/ याच करारात एक असमानता आहे. कलम २३ वाइन आणि मद्यांना अधिक कडक संरक्षण देते; ग्राहकाची फसवणूक सिद्ध न करताही त्यांचे नाव वापरण्यास हरकत घेता येते. तांदळाला हा लाभ नाही. नाशिक व्हॅली वाइनला जे कवच आपोआप लाभते, ते घनसाळला लाभत नाही.

६/ घनसाळचे दाणे आखूड आणि सुवासिक. सुगंधी तांदळाच्या वासामागे मुख्यतः २-ॲसिटिल-१-पायरोलिन हे संयुग असते आणि दाणा भरताना हवा थंड असल्यास ते अधिक टिकते. भरपूर पाऊस, घाटमाथ्याची माती व थंडावा हे सारे आजऱ्याला लाभले आहे. येथे भूगोल हा केवळ पत्ता राहत नाही. तो चवीचा भाग होतो.

७/ अडचण अर्थकारणाची आहे. घनसाळ उशिरा तयार होतो आणि सुधारित वाणांपेक्षा कमी पिकतो. नावाला चांगला भाव मिळाला, तरच शेतकरी हे वाण लावील. त्या नावाने दुसराच तांदूळ विकला गेला, तर भाव व्यापाऱ्याला मिळतो आणि वाण शेतातून नाहीसे होते.

८/ म्हणून प्रमाणपत्र पुरेसे नाही. कायद्यानुसार मानांकनाची नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. नाव वापरू इच्छिणाऱ्या उत्पादकांनी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करणे अपेक्षित असते. कियांतीच्या मूळ उत्पादकांनी १९२४ मध्येच काळ्या कोंबड्याचे चिन्ह घेऊन संघ उभारला होता. नाव राखण्याचे काम अखेर उत्पादकांच्या संघटनेलाच करावे लागते. पुढच्या वेळी ‘आजरा घनसाळ’ विकत घेताना पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि मानांकनाचे चिन्ह आहे का, एवढे अवश्य पाहावे.