मुक्त, मोफत, फुकट : थेट प्रक्षेपणाची साधने आणि जव्हार-मोखाडा

इंग्रजीतील 'फ्री' या एका शब्दासाठी मराठीत निदान तीन शब्द आहेत आणि तिघांची कुळे वेगळी आहेत. 'मुक्त' संस्कृतातून आला. बंधन सुटणे हा त्याचा गाभा. 'मोफत' अरबी-फारसीच्या वाटेने आला. देणारा कोणी आहे आणि तो मोल घेत नाही, एवढेच तो सांगतो. 'फुकट' घरगुती आहे. मोल नसण्याबरोबरच वाया जाण्याची छटाही त्यात आहे. कष्ट फुकट जातात, मोफत जात नाहीत. आंतरजालावरून थेट दूरचित्रवाणी दाखवणाऱ्या 'फ्री' संगणकप्रणालींची तुलना करताना हा भेद सहसा गळून पडतो आणि वाहिन्यांची संख्या व चित्राची स्वच्छता एवढेच निकष उरतात. प्रस्तुत लेखात त्या साधनांचा इतिहास या तीन शब्दांच्या आधारे लावून पाहण्याचा आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत तो तपासण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हे दोन तालुके निवडण्यास कारण आहे. १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान असलेला जव्हारचा प्रदेश आणि त्याला लागून असलेला मोखाडा हे मुंबईपासून फार दूर नाहीत. पण डोंगरांच्या रांगा, खोल दऱ्या आणि विखुरलेले पाडे यांमुळे मुंबईहून निघालेली कोणतीही लहर येथे पोहोचताना अडखळते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात. मधे डोंगर आला की त्यामागच्या वस्तीला चित्र दिसत नसे. १९७५-७६ साली 'साइट' या प्रयोगात उपग्रहाद्वारे सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्यात आली, पण ती खेडी सहा अन्य राज्यांतील होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. तरीही या जुन्या प्रक्षेपणाचा एक गुण विसरता येत नाही. मनोऱ्यावरून लहर एकदा निघाली की ती दहा जणांनी पाहिली काय किंवा दहा लाखांनी, प्रक्षेपकाचा खर्च तेवढाच राहतो.

आंतरजालाने हे गणित उलटे केले. येथे प्रत्येक प्रेक्षकासाठी चित्राचा स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. प्रेक्षक वाढले की खर्च वाढतो. म्हणून या साधनांचा इतिहास हा एका अर्थी हा वाढता भार कोणाच्या खांद्यावर टाकायचा, याचा इतिहास आहे.

पहिले उत्तर पॅरिसचे. १९९६ साली एकोल सान्त्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी 'व्हिडिओलॅन' हा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक खोलीवर स्वतंत्र तबकडी बसवण्याऐवजी एकाच तबकडीने उपग्रहाचे चित्र घ्यावे आणि वसतिगृहातील संगणकांच्या जाळ्यावरून ते सर्वांना द्यावे, अशी ही कल्पना. अशा बंदिस्त जाळ्यात एकच प्रवाह अनेकांना एकाच वेळी देता येतो, म्हणजे मनोऱ्याचा जुना गुण येथे परत मिळतो. त्यातून 'व्हीएलसी' ही प्रणाली निघाली आणि २००१ साली ती जीपीएल परवान्याखाली खुली झाली. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. येथे 'मुक्त' हा शब्द पूर्ण अर्थाने लागू होतो. २०२२ साली काही महिने भारतात व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ उघडत नव्हते. तरी ज्यांच्या संगणकावर व्हीएलसी होते त्यांचे काम थांबले नाही.

दुसरे उत्तर चीनमधून आले. २००४ च्या सुमारास तेथील विद्यापीठांच्या परिसरातून 'पीपीलाइव्ह' आणि 'सॉपकास्ट' यांसारख्या प्रणाली पुढे आल्या. त्यांची युक्ती अशी, की प्रत्येक प्रेक्षकाच्या संगणकाने मिळालेल्या चित्राचे तुकडे शेजारच्या प्रेक्षकाकडे पुढे धाडायचे. प्रेक्षक जितके अधिक, तितके वाटप करणारे हात अधिक. कल्पना देखणी होती, सहकाराची होती. पण प्रणालींची संहिता बंद होती आणि प्रेक्षक पैशाऐवजी आपल्या जोडणीची क्षमता देत असे, बहुधा नकळत. या साधनांना 'मुक्त' म्हणणे चूक आणि 'मोफत' म्हणणे अपुरे. शिवाय २००४ च्या धोरणानुसार भारतात 'ब्रॉडबँड' म्हणजे किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद; बरे चित्र हवे तर या प्रणालींना बहुधा याहून अधिक वेग लागे. ज्याच्याकडे देण्याजोगी क्षमता नाही त्याला या सहकारात जागा नव्हती.

तिसरे उत्तर 'कोडी'चे. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी जन्मलेल्या 'एक्सबीएमसी'ने २०१४ साली हे नाव घेतले. व्हीएलसीप्रमाणे हीही मुक्त प्रणाली. पण ती स्वतः एकही वाहिनी पुरवत नाही. ती रिकामे कपाट आहे. त्यात वैध वस्तू ठेवायची की चोरीची, हे मालकाने ठरवायचे. पुढे २०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटा आला आणि बहुतेकांसाठी ही सर्व चर्चा एका अॅपपुरती उरली. प्रसारभारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हा आपला मंच आणला. परंतु एक मेगाबिट वेगाने तासभर चित्र पाहिले तर सुमारे ४५० मेगाबाइट डेटा खर्ची पडतो. अॅपला मोल नाही, पण वाटेला आहे. आणि मनोऱ्याची लहर दरीत उतरत नसेल तर मोल देऊनही वाट मिळत नाही.

या सर्वांच्या शेजारी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली 'डीडी डायरेक्ट प्लस', म्हणजे आजची 'फ्री डिश', ठेवून पाहावी. तबकडी व पेटीचा एकदाचा खर्च केला की मासिक वर्गणी नाही. तिचा उपग्रह या भागातून आग्नेयेकडे, क्षितिजापासून पन्नास अंशांहून अधिक उंचीवर येतो. म्हणून डोंगर सहसा आड येत नाही. वीज मात्र हवी. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखवण्यात आली, तेव्हा स्मार्टफोन नसलेल्या घरातील मुलाला हा मार्ग किती मोलाचा असेल हे सांगावयास नको. आमच्या मते 'मोफत' हा शब्द खऱ्या अर्थाने येथे शोभतो.

मग प्रश्न सुटला काय? आम्हांस तसे वाटत नाही. फ्री डिश मोफत आहे, मुक्त नाही. तिच्यावरील जागा लिलावाने विकल्या जातात आणि प्रेक्षकाने फक्त पाहायचे असते. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. मुंबईतील चित्र मोखाड्याला येते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा भाग देशाच्या बातम्यांत आला, पण तो इतरांनी पाहण्याचा विषय म्हणून. आपल्याकडून काय दिसावे हे ठरवण्याचे साधन येथील माणसाच्या हाती नव्हते. आणि याच भूमीत बोहाडा होतो, रात्रभर देवादिकांचे मुखवटे नाचतात. पाहणारा आणि नाचणारा तेथे एकमेकांना नावाने ओळखतात.

म्हणून या साधनांची तुलना करताना एक रकाना वाढवावा, असे आम्ही सुचवतो : हे साधन घेणाऱ्याला पाठवूही देते काय? व्हीएलसी देते, आलेले चित्र दाखवणारी ही प्रणाली कॅमेऱ्याचे चित्र जाळ्यावर पाठवूही शकते. आणि त्यासाठी मोठे आंतरजाल लागत नाही. पॅरिसच्या विद्यार्थ्यांची मूळ रचना, म्हणजे एक तबकडी, गावापुरते जाळे आणि एक मुक्त प्रणाली, ही महानगरातील अमर्याद डेटापेक्षा पाड्याच्या परिस्थितीला अधिक जवळची आहे. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या इमारतीत ती उभी करता येईल. तिच्यावरून सकाळी पाठ पाहता येतील आणि बोहाड्याच्या रात्री दुसऱ्या वस्तीपर्यंत पोहोचवता येईल, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी. मात्र हे जाळे कोण राखील, वीज गेल्यावर काय करायचे आणि बोहाड्यातील कोणते सोंग पडद्यावर जाऊ द्यावे, हे ठरवणे तेथील लोकांचे काम आहे. ते त्यांच्याकडेच राहिले तर 'मुक्त' हा शब्द तेथे वापरता येईल.