बोंबलाचं गाव कोणतं?

अमेरिकेतल्या नातेवाइकांशी मासळीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमच्याकडे प्रत्येक माशावर देश लिहिलेला असतो!" आमच्या वडाळ्याच्या बाजारात असली चिठ्ठी नाही. "मावशी, कुठला माल?" असं विचारायचं, आणि कोळीण सांगेल तेच लेबल. सातपाटीचा म्हणाली तर सातपाटीचा.

मग तिकडे ही सक्ती आली कशी?

बाहेरून आलेल्या मालावर देशाचं नाव हवं, हा अमेरिकेतला नियम तसा जुना, १९३० च्या कायद्यातला. पण खोकं फोडून मासळी बर्फावर मांडली की ते नाव गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच असं नव्हतं. त्यातच व्हिएतनामच्या स्वस्त बाशामुळे मिसिसिपीकडचे तळ्यात मासे वाढवणारे शेतकरी जेरीस आले. २००२ च्या शेती कायद्याने त्या बाशाला 'कॅटफिश' म्हणायला मनाई केली आणि मासळीवर मूळ देश लिहिणं सक्तीचं केलं. ४ एप्रिल २००५ पासून नियम लागू झाला. मासा निसर्गातून पकडलेला की वाढवलेला, तेही लिहायचं. खाणाऱ्याची काळजी होतीच, पण नियमामागे विकणाऱ्यांची स्पर्धाही होती.

आता गंमत बघा. वाळवलेली, खारवलेली, धुरी दिलेली, शिजवलेली मासळी या नव्या नियमातून वगळली. नुसती मासळी विकणारी दुकानंही वगळली. म्हणजे आपला सुका बोंबील यातून सुटला! त्याला तो १९३० चा जुना नियमच काय तो लागू.

खरं तर बोंबलाचं इंग्रजी नाव हेच एक लेबल आहे, 'बॉम्बे डक'. रेल्वेच्या 'बॉम्बे डाक'वरून ते पडलं असं सांगतात, पण मुंबईची रेल्वे १८५३ ची आणि हे नाव त्याआधीच छापलेलं सापडतं. आणि नावात मुंबई असली तरी बोंबील गुजरातेत जाफराबादकडेही भरपूर मिळतो.

या बोंबलावर १९९७ मध्ये युरोपात बंदी आली. मान्यताप्राप्त कारखान्यातून आलेलीच मासळी घेऊ, असा त्यांचा नियम. आणि आपला बोंबील तर वलांडीवर उघड्या उन्हावाऱ्यात वाळणारा! ब्रिटनमधल्या चाहत्यांनी मोहीम काढली. शेवटी तोडगा निघाला, की वाळवा उघड्यावर, पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणीच करा. बोंबील परत गेला, पण वलांडी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक जादा पायरी आली.

पुढे २००२ पासून युरोपात माशाचं नाव, तो पकडलेला की वाढवलेला आणि समुद्रातला असेल तर कुठल्या समुद्रातला, हे लिहिणं आलं. पण तेव्हाच्या यादीत अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही एकाच 'हिंदी महासागरा'त! वर्सोवा काय आणि विशाखापट्टणम काय, सगळं एकच.

आपल्याकडेही आयात केलेल्या पाकिटावर मूळ देश लिहावा लागतो. सुट्या मासळीला तो नियम नाही.

मला वाटतं, खरा प्रश्न मापाचा आहे. न्यू जर्सीत 'भारत' लिहिलं तर माल दुसऱ्या कुठल्या देशाचा नाही एवढं तरी कळतं. वडाळ्यात 'भारत' लिहून कोणाला काय कळणार? इथे बंदर सांगावं लागतं, आणि चांगल्या बंदराच्या नावाला भावही मिळतो. हे सांगणारी कोळीण उद्या बाजारातून उठली, तर तिच्या जागी येणाऱ्या पाकिटावर देश असेल, पण बंदर नसेल.

आमच्या वडाळा रोडच्या पुढच्या स्टेशनचं नाव पूर्वी 'कोळीवाडा' होतं, आता गुरु तेग बहादूर नगर आहे. कोळीवाडा पाटीवरून गेला आणि हॉटेलच्या मेनूत 'प्रॉन्स कोळीवाडा' म्हणून उरला. असो.

तुमच्या गावच्या बाजारात मासळीचं काय विचारतात, देश, बंदर की नुसता भाव?